शासनमान्य भुकटी

दहिवलीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि दरवर्षी मी सरकारला न चुकता फी भरतो. ही फी नेमकी कुठं जाते, ते संजना मॅडमनी मला एकदा चहा पिता पिता समजावून सांगितलं. मॅडम खत आणि माती-उत्पादनांच्या तपासणी कक्षात निरीक्षक आहेत. त्या म्हणाल्या, "आबाजी काका, तुम्ही दुकानदार फी भरता, त्यातून आमच्या जीपचं डिझेल येतं आणि प्रयोगशाळेचा खर्च निघतो. मग त्या जीपनं आम्ही तपासायला जातो."

"कोणाला तपासायला?"

"तुम्हालाच," मॅडम म्हणाल्या.

मला ही व्यवस्था फार आवडली. आपल्या घराची झडती घ्यायला येणाऱ्याचं रिक्षाभाडं आपणच द्यायचं आणि वर त्याला चहाही पाजायचा. पण मी कधी कुरकुर केली नाही. फी भरली की मालाला नोंदणीचा नंबर मिळतो, आणि त्या नंबरावर माझी फार श्रद्धा. गिऱ्हाईक दुकानात आलं की माझं एकच पालुपद असायचं, आधी पोत्यावरचा नंबर बघ आणि मग पैसे दे. कळंबच्या छायाला हे मी इतक्यांदा ऐकवलंय की ती आल्या आल्या पोतं फिरवून नंबरावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हा बगा काका, बगितला."

छाया भात निघालं की भेंडी करते. नवरा खोपोलीला कंपनीत, त्यामुळे शेतीचं सगळं तिच्याच अंगावर. यंदा खोपोलीतल्याच एका रिसॉर्टच्या किचननं तिला शब्द दिला होता, संक्रांतीपासून रोजची भेंडी तुझ्याकडून घेऊ. त्या भरवशावर तिनं शेजाऱ्याचंही शेत कसायला घेतलं होतं. दुकानात येऊन हे सांगताना तिचं तोंड नुसतं फुलून आलं होतं.

त्याच सुमारास खालापूरकडून साईराज नावाच्या एका पोराचा टेंपो गावोगाव फिरायला लागला. टेंपोवर भोंगा आणि आत 'मातीमोती' नावाची पोती. पोत्यावर लिहिलेलं, माती सुधारक. मी मूठभर हातात घेऊन चोळलं. क्रशरवर खडी फोडताना उडते ती पूड होती, वरून जरासा गुलाबी रंग. क्रशरवाल्याला ही पूड कुणी फुकट उचलून नेली तरी तो हात जोडतो, आणि हा पोरगा ती माझ्या चांगल्या खताच्या भावानं विकत होता.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याची नोंदणी आहे का?"

"कुठली हो नोंदणी. म्हणून तर फोन केला."

"मग मी नमुना कसा घेऊ? प्रयोगशाळा नोंदणी क्रमांकाशिवाय नमुन्याचं पाकीटच घेत नाही. आणि काका, तपासणीचा पैसा फी भरणाऱ्यांचा. ज्यानं फी भरलीच नाही त्याच्यामागे तुमचं डिझेल जाळलं, तर ऑडिटला मी काय सांगू?"

म्हणजे जो नियमात आहे त्याच्यावर नजर, आणि जो नियमात नाही तो मोकळा. बाईंचा तरी काय दोष? एक जीप, तिचीही बॅटरी उतरलेली. मॅडमच शेवटी म्हणाल्या, "त्यानं नोंदणी केली ना, की दुसऱ्या दिवशी मी हजर. शब्द देते."

आता मला अक्कल सुचली. मी कळंबच्या नाक्यावर साईराजला गाठलं आणि गोड बोलून म्हटलं, "नंबर घे रं. नंबर असला की बाया डोळे झाकून पोतं उचलतात."

"ते खरंय काका," तो म्हणाला. "सगळ्या आदी नंबरच इचारतात. कोनी शिकवलंय काय म्हाईत."

कोणी शिकवलंय ते मी सांगितलं नाही. त्याला दुकानात आणला आणि माझ्याच कॉम्प्युटरवर अर्ज भरायला बसवला. घटकांच्या रकान्यापाशी तो अडला. मी म्हटलं, जे आहे ते खरं लिही. त्यानं लिहिलं, दगडाची खनिज भुकटी, शंभर टक्के. पोरगा आपल्या हातानं आपल्याच गळ्यात फास घालतोय, असं वाटून मी त्या दिवशी त्याला चहासोबत वडापावही खाऊ घातला.

नंबर आला आणि मॅडमनी शब्द पाळला. जीप धक्का मारून सुरू केली, नाक्यावर टेंपो अडवला, नमुना घेतला, लाखेचं सील ठोकलं. मी लांबून बघत होतो आणि खुशीत होतो. निकाल आला तेव्हा मॅडमनी तो फोनवर वाचून दाखवला. नमुना जाहीर केलेल्या घटकांशी तंतोतंत जुळतो, सबब उत्तीर्ण.

"मॅडम, अहो पण तो दगड आहे."

"हो काका. त्यानं दगडच लिहिलंय. दगड निघाला नसता तर कारवाई करता आली असती."

त्यानंतर साईराजची नवी पोती आली. त्यांच्यावर 'मातीमोती' लहान अक्षरात आणि 'शासनमान्य, तपासणी उत्तीर्ण' मोठ्या अक्षरात, खाली ठसठशीत नंबर. भोंग्यातून तो ओरडत जायचा, "दहिवलीचे आबाजी काका काय सांगतात? नंबर बगून घ्या. आमच्याकडं नंबर हाय." टेंपोला दुसरी फेरी मारावी लागायला लागली. मी दुकानात येईल त्याला सांगत होतो, घेऊ नका, ती खडीची पूड आहे. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा धंदा बसला म्हणून जळतोय.

छाया त्या दिवसांत दुकानात आली नाही. तिचा फोन आला तो सरळ, "काका, शेतावर या."

मी स्कूटर घेऊन गेलो. दोन्ही शेतं चोपून सारवलेल्या खळ्यासारखी दिसत होती, राखाडी आणि टणक. भुकटी पाणी पिऊन आवळली होती आणि वर कडक पापुद्रा धरला होता. छाया एका सरीत उकिडवी बसून नखांनी तो पापुद्रा उचकटत होती. खाली कोंब होते. बी उगवलं होतं, पण वर यायला वाट नव्हती, म्हणून कोंब दुमडून तिथंच पिवळे पडले होते.

"कवा टाकलंस हे?"

"पेरायच्या आदी. दोनी शेतात."

"मला एकदा इचारायचं नाय का गं?"

तिनं वर पाहिलं. "नंबर बगितला काका. तुमीच सांगत आलाव ना."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते साधेपणानं सांगितलं, आणि मला तिच्या बांधावर उभं राहायची लाज वाटली. रिसॉर्टच्या किचननं संक्रांतीपर्यंत वाट पाहिली आणि वाशीहून भेंडी आणायला सुरुवात केली. छायानं शब्द पाळायला सांगितलं, तर तिथला मॅनेजर म्हणाला, ताई, भेंडी दाखवा.

मॅडम सुट्टीच्या दिवशी शेत बघायला आल्या. पापुद्र्याचा एक तुकडा उचलून त्यांनी बोटांनी मोडून पाहिला. मग म्हणाल्या, "केस होत नाही, पण मी वर कळवते." त्यांनी खरंच कळवलं, आणि वरूनही दखल घेतली गेली. तपासणी अधिक कडक व्हावी म्हणून फी वाढवण्यात आली. मी भरली. साईराजनंही आनंदानं भरली आणि पोत्यावर 'वाढीव तपासणीसह' असं छापून घेतलं.

छाया परवा दुकानात आली. नवऱ्याला सुट्टी काढायला लावून दोघांनी एक शेत कुदळीनं फोडलं होतं आणि ती पुन्हा पेरणार होती. मी आतून माझ्याकडचं सगळ्यात चांगलं खत स्वतः उचलून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, पैशाचं नंतर बघू. मला वाटलं, सवयीनं ती पोतं फिरवेल आणि नंबरावर बोट ठेवेल. तिनं हातही लावला नाही.

"याला नंबर हाय का काका?"

"हाय गं. हा काय."

"मंग नको," ती म्हणाली. "नंबर नसलेलं काय असंल तर द्या."

मी सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली. माझ्या दुकानात नंबर नसलेलं काहीच नव्हतं.