जिचा विमा निघत नाही ती खोली

भूकंपाचा विमा घ्यावा की पुराचा, या एका प्रश्नात सुकऱ्या गुरुजींचा अख्खा उन्हाळा गेला.

आश्रमशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी उधवा गावाच्या अलीकडे, आपल्या पाड्यावर, विटांचं स्लॅबचं घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, खाली लाद्या. घर पुरतं वाळलंही नव्हतं तोच जमीन हलायला लागली. आधी खालून गुरगुर यायची, मग फळीवरची भांडी वाजायची, आणि मग माणसं अंगणात उभी राहून एकमेकांना विचारायची, "आजचा मोठा होता, नाय?" मध्येच महिनोन्‌महिने काही होत नसे. जरा विसर पडतोय असं वाटलं की पुन्हा गुरगुर.

घरामागून ओहोळ जात होता. एका पावसाळ्यात त्याचं पाणी मागच्या पायरीला लागून गेलं होतं. त्यामुळे रात्री भूकंपाचा विमा पक्का करून गुरुजी आडवे झाले, की सकाळी तोंड धुताना त्यांना ओहोळ दिसे. कुणाला विचारायचं तर, एवढं शिकूनही यांना कळत नाही असं वाटायला नको, म्हणून विचारलंही नाही.

यंदा मात्र गोष्ट नुसत्या घराची नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी प्रगती डहाणूला दिली होती, तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी हिरीची, म्हणजे गुरुजींच्या बायकोची, फार इच्छा. गुरुजींचीही होती, पण ते बोलत नसत. एवढंच, की येताजाता बाजारात लहान मुलांच्या टोपड्यांपाशी त्यांचे पाय रेंगाळत.

अडले होते ते व्याही. चिमणशेठचा चिकूचा व्यापार होता. माणूस मनाचा मोठा, आवाजाचा त्याहून मोठा. फोनवर म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. पण हलत्या घरात मी सून नाही पाठवणार."

चिमणशेठांचं घर खाडीजवळ होतं, आणि पावसाळ्यात उधाणाला त्या गल्लीत पाणी शिरायचं. पण हे तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून गुरुजी गप्प बसले. हिरीने त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला.

"आणि तुमच्या ओट्यावर भरतीला मासे पोहतात, ते चालतं काय?"

"मासे चावत नाहीत, विहीणबाई!" चिमणशेठ गरजले.

तेव्हा गुरुजींनी मनाशी ठरवलं, विमा काढायचा. शिक्क्याचा कागद समोर ठेवला की व्याह्यांचं मन वळेल. डहाणूच्या वर्षा नावाच्या विमा एजंट मुलीला त्यांनी रविवारी बोलावलं, आणि त्याच दिवशी चिमणशेठनाही, प्रगतीला घेऊन या म्हणून.

रविवारी सकाळपासून गुरुजी आतल्या खोलीत खुडबुड करत होते. पलंगावर नवी चादर घातली, उशा मांडल्या, मच्छरदाणी बांधली. उशाशी आपला चष्मा आणि एक पुस्तक ठेवलं. जरा लांब उभे राहून बघितलं. पुस्तक उघडून पालथं घातलं.

मंडळी आली. जावई तुषार ड्युटीवर होता, म्हणून प्रगती सासऱ्यांच्याच गाडीतून आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आल्या आल्या हिरीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती पाणी आणायला गेली. वर्षा स्कूटरवरून आली. तिने भिंती पाहिल्या, फोटो काढले आणि पडवीत बसली. गुरुजींनी घसा साफ करून आपला प्रश्न मांडला. भूकंपाची बाजू, ओहोळाची बाजू, सगळं नीट सांगितलं.

"काका," वर्षा म्हणाली, "यात निवडायचं नसतं. मी देते त्या पॉलिसीत आग, वादळ, पूर, भूकंप, सगळं एकत्रच येतं."

गुरुजींचे कान तापले. दारात उभी असलेली हिरी पदर तोंडाला लावून हसली. "उन्हाळाभर या माणसानं मला झोपू नाय दिलं गं!"

"घ्या तुम्ही," वर्षा पुढे म्हणाली. "निवृत्तीचे पैसे घातलेत भिंतीत. पण एक आधीच सांगते. घर पडलं तर ते बांधायला मदत मिळेल. पडणारच नाही, असं काही पॉलिसी सांगत नाही."

"हेच! हेच मी म्हणतोय!" चिमणशेठ मांडीवर थाप मारून म्हणाले.

"बरं, घर वापरात आहे ना? दोघं इथेच झोपता?"

"हो," गुरुजी म्हणाले. "म्हणजे... आत पलंग आहे."

"इथं?" हिरी म्हणाली. "इथं दुपारी टीव्ही बघतो आम्ही. हादरे सुरू झाल्यापासून झोपतो बाजूला, कुडाच्या खोलीत."

चिमणशेठांनी उघड्या दारातून आतला पलंग बघितला, मच्छरदाणी बघितली, पालथं पुस्तक बघितलं.

"म्हणजे गुरुजी, जिथं तुम्ही स्वतः झोपत नाही, तिथं माझी सून निजवणार होतात?"

गुरुजींना वाटलं, आत्ताच काय हलायची ती जमीन हलावी. ते लादीकडे बघत बोलले. "तिकडे कुडाच्या भिंती आहेत. खाली शेणाची जमीन. तुमच्याकडे तिला पंखा, फ्रिज, आतलं न्हाणीघर. मला वाटलं, लेकीला झोपडीत ठेवतो म्हटलं तर तुम्हाला कमीपणा वाटेल. तिलाही वाटेल. म्हणून इथं मांडलं सगळं. तुम्ही हो म्हटल्यावर तिला कुठं झोप म्हणून सांगणार होतो, ते खरंच माहीत नव्हतं मला."

चिमणशेठ काहीतरी मोठ्याने बोलणार होते. तोंडही उघडलं होतं. पण इकडे तिकडे बघून त्यांनी विचारलं, "पोर कुठाय?"

प्रगती पडवीत नव्हती.

ती सापडली कुडाच्या खोलीत. गुरुजींच्या वडिलांच्या वेळची ती एकच खोली, नव्या घराला लागून. सागाचे खांब, कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत. आत ऊन येत नव्हतं, नुसता उजेड येत होता. आईच्या गोधडीवर कुशीला वळून, एक हात पोटाखाली घेऊन प्रगती झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं.

सगळे दारातच थांबले.

"आठ दिवस झाले, झोप नाही पोरीला," चिमणशेठ म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज गुरुजींनी कधी ऐकला नव्हता. "रात्रभर कूस बदलते. तुषार उठतो, तिची सासू उठते. काही उपाय नाही."

त्यांनी भिंतीला तळवा लावून जरा रेटून पाहिलं. भिंत किंचित आत गेली आणि परत आली.

"मोठ्या धक्क्यात काय होईल ते मलाही ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. आता खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "पण आजवर या खोलीला काही झालं नाही. तिकडे नव्या घरात खिडकीपाशी तडा गेलाय. आणि इथं वर अंगावर पडेल असं जड काही नाही."

"गळते?"

"त्या कोपऱ्यात."

"नर्सबाई येते पाड्यावर?"

"येते. दवाखान्याला न्यायची वेळ आली तर जीपवाल्याला सांगून ठेवलंय मी. चैत्रातच सांगितलं."

चिमणशेठांनी गळणाऱ्या कोपऱ्याकडे, मग सुनेकडे बघितलं. मग म्हणाले, "ताडपत्री मी पाठवतो. चिकूच्या गाडीवरची आहे, जाड. पावसाआधी वर घालून घ्या. आणि माझी बायको येईल अधूनमधून मुक्कामाला, तिला नाही म्हणू नका."

गुरुजींनी मान हलवली, आणि दाराशी आलेली कोंबडी हुसकवायला खाली वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

मग सगळे अंगणात आंब्याखाली बसले आणि विम्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं, कुजबुजत. वर्षा घर किती फुटांचं ते कुजबुजत विचारत होती, गुरुजी कुजबुजत सांगत होते. चिमणशेठही मध्ये डोकं घालून विचारून घेत होते, की खाडीजवळच्या घराला हेच चालेल काय.

"त्या कुडाच्या खोलीचा मात्र विमा निघत नाही हं," वर्षा हळूच म्हणाली. "कच्चं बांधकाम धरत नाहीत. पक्क्या घरातलं सामान सांगा."

"कपाट, टीव्ही," गुरुजी म्हणाले. "दोन पंखे. पुस्तकं..."

"पाळणा लिही," हिरी म्हणाली.

"कुठाय पाळणा?" वर्षाने विचारलं.

"आणायचाय अजून."

"आणि बांधणार कुठं, काकी?"

हिरीने कुडाच्या खोलीकडे हनुवटी केली.

"मग नाही येणार यात."

"नाय तर नाय," हिरी म्हणाली, आणि गुरुजींकडे वळून तिने दटावलं, "तुम्ही हळू बोला जरा. पोर उठेल."