ड्रायव्हरच्या बाजूची चाकी

हरिचंद्रने चाकीच्या कानावर तांब्याच्या हातोडीचा ठोका घातला आणि चाकी सैल व्हायची सोडून आणखी आवळली गेली.

त्याला वाटलं, ठोका तिरका बसला. त्याने गुडघा सरकवून नीट बैठक मारली आणि पुन्हा ठोकलं. चाकी पुन्हा तिकडेच सरकली, केसभर.

“काका, राहू द्या ना,” मागून विनीत म्हणाला. “कशाला त्रास करून घेता? पेढा खा आधी.”

“बाबा, उठा. गुडघा दुखेल,” प्रमोदनेही री ओढली.

गेल्या चार वर्षांत हरिचंद्रच्या गुडघ्याची इतकी काळजी कुणी केली नव्हती.

गाडी कॅम्प चारमधल्या त्याच्या शेडसमोर उभी होती. सदुसष्ट सालची विलायती एमजी, हिरवी, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्यावरून पलीकडे बघत होती. बदलापूरच्या विनीतने ती हौसेने घेतली होती आणि तिची पत्र्याची चाकं काढून बारीक तारांची चाकं बसवायचं त्याने मनावर घेतलं होतं. अशी चाकं चार बोल्टांवर बसत नाहीत. त्यांना खाचांचा वेगळा हब लागतो आणि मधोमध दोन कानांची एकच मोठी चाकी, म्हणजे नट. ती हातोडीने ठोकून आवळायची, ठोकूनच सोडवायची. विनीतला चाकं मिळाली, हब काही मिळेनात. कुणीतरी त्याला हरिचंद्रचं नाव सांगितलं.

चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर म्हणून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर हा जुना लेथ घेऊन बसला होता. अलीकडे काम घेऊन कुणी येत नव्हतं आणि आलंच तर प्रमोदच्या कपाळाला आठी पडायची. ‘बाबा, विसरता तुम्ही. मागच्या वेळी त्या पंपवाल्याचं काय झालं?’ हे काम आलं तेव्हा हरिचंद्रने लेकाला बजावून सांगितलं होतं, की हे नीट जमलं तर लेथ विकायची गोष्ट पुन्हा काढायची नाही. दोन महिने तो डोळ्यांत तेल घालून खपला. चार हब, चार चाक्या. चाकी हबवर अशी फिरायची, की लोण्यातून सुरी.

आज विनीत पेढे घेऊन आला, तेव्हा हरिचंद्रने एवढंच म्हटलं होतं, की एक चाकी काढून बघतो. लेक सासरी कशी नांदतेय ते बघायला जावं, तशी ही त्याची हौस. त्यात वावगं काहीच नव्हतं.

तिसऱ्या ठोक्याला हात वर गेला आणि तिथेच थांबला.

चाकी उलट्या आट्यांची होती.

असायलाच हवी होती. ही ड्रायव्हरची, उजवी बाजू. इकडे उलटे आटे पाडले नाहीत, तर चाक फिरता फिरता आपलीच चाकी सोडवून टाकतं. विनीतने हे दोनदा सांगितलं होतं, शेडच्या भिंतीवर हरिचंद्रनेच खडूने लिहून ठेवलं होतं. मग मघाशी त्याचा हात सरळ आट्यांच्या हिशोबाने का चालला?

कारण हाताला सरळच आटे आठवत होते.

त्याने आठवून पाहिलं. उलटे आटे पाडायचे तर गिअर बदलावे लागतात, टूल डावीकडून उजवीकडे न्यावं लागतं. चारही हबांच्या वेळी टूल उजवीकडूनच आलेलं त्याला लख्ख दिसत होतं. तरीही मनाला वाटलं, पाडले असतील आपणच, विसरलो असू. विसरणं परवडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपण विसरलो असू दे अशी इच्छा केली.

त्याने दुसऱ्या बाजूने ठोकलं. तीन ठोक्यांत चाकी सुटली. ती हातात घेऊन त्याने आतून बोट फिरवलं. आटे धारदार, एकसारखे, बघत राहावं असे. पण पहिल्या आट्याची धार कानसेने मोडलेली नव्हती. हरिचंद्र ती कायम मोडायचा, बसवणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून. चौतीस वर्षांत हे एकदाही राहिलं नव्हतं.

“कुणाचं काम आहे हे?”

प्रमोदने विनीतकडे पाहिलं. विनीत पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला.

“प्रमोद, तुला विचारतोय.”

“आमच्या कंपनीच्या मागे एक जण आहे, अंबरनाथला. कॉम्प्युटरची मशीन आहे त्याची.”

“चारही सरळ पाडले होते मी?”

“हो.”

“डावीकडचे?”

“ते तुमचेच आहेत. एकदम फर्स्ट क्लास. इकडचे दोनच बदलले.”

“आणि माझे दोन?”

“भंगारात दिले.”

हरिचंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याआधी लाज वाटायला हवी होती, पण लाजेला सवड मिळाली नाही.

“कारखान्यात जॉब रिजेक्ट झाला की काय करायचे माहितीय तुला? तांबड्या रंगाचा पट्टा मारायचे त्यावर. तो किसन इन्स्पेक्टर सगळ्या शॉपमधून हातात उंच धरून आणायचा, सगळ्यांना दिसेल असा. आणि माझ्या मशीनवर आणून आदळायचा. चौतीस वर्षांत तीनदा आला माझा. तीनदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत माझ्याचकडे आला. ज्याने बिघडवला, त्यानेच नीट करायचा. तू स्वतः इन्स्पेक्शनला आहेस ना? मग तू काय केलंस?”

“बाबा...”

“दोन दिवसांत पाडून दिले असते मी! चुकलं म्हणून तोंडावर सांगायचं होतंस. तीन आठवडे मी गल्लीभर सांगत फिरतोय, एमजीची चाकं माझ्या हबांवर पळतात म्हणून. आणि तुम्ही दोघं ऐकून घेताय. लहान पोर बोबडं बोलतं, ते ऐकून घेतात तसं.”

“काका, तसं नाय,” विनीत घाईने म्हणाला. “माझ्या ग्रुपमधल्या दोघांना सेम चाकं लावायचीत. मी तुमचंच नाव दिलंय. आई शप्पथ.”

“नाव माझं. आणि काम मशीनचं. मी काय करू, पेढे वाटू?”

शेजारच्या शेपरवाल्याने मशीन बंद करून इकडे मान वळवली. प्रमोदने त्याच्याकडे पाहून काही नाही अशी खूण केली. मग तो बापाच्या शेजारी, रस्त्यावरच उकिडवा बसला.

“बाबा, चिमी होती गाडीत.”

हरिचंद्रला आधी शब्द नुसते ऐकू आले.

“कधी?”

“चाकं बसवली त्या शुक्रवारी. विनीत गाडी घेऊन आधी आपल्या बिल्डिंगखाली आला. इकडेच येत होतो, तुम्हाला दाखवायला. चिमी म्हणाली, मी बसणार, आजोबांना मीच दाखवणार. मी मागे स्कूटरवर होतो. विठ्ठलवाडीच्या अलीकडे चाक डुगडुगायला लागलं. मी हॉर्न मारत होतो. चाकी सुटून रस्त्यावर पडली, ती माझ्या पुढ्यातच पडली.”

“मी लगेच ब्रेक मारला, काका,” विनीत म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “स्पीड नव्हता. तिचं डोकं नुसतं समोर आपटलं.”

“तीन टाके,” प्रमोद म्हणाला. “तुम्हाला काय सांगायचं होतं मी? सांगा.”

ते तीन टाके हरिचंद्रने पाहिले होते. रोज संध्याकाळी त्यावर मलम लावायचं काम त्याचंच होतं. शाळेत पडली असं घरात सगळ्यांनी सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो तावातावाने शाळेत गेला होता. पोरांकडे लक्ष कोण देतं इथे, म्हणून बाईंना नाही नाही ते बोलला होता. बाई बिचाऱ्या गोंधळून ऐकत राहिल्या होत्या. त्याच संध्याकाळी मलम लावताना त्याने चिमीला विचारलं होतं, कुणी ढकललं तुला, नाव सांग फक्त.

सात वर्षांची पोर. त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाली होती, “कुणी नाही, आजोबा. माझी मीच पडले.”

आपली नात किती गुणाची, कुणाची चहाडी करत नाही, याचं तेव्हा त्याला केवढं कौतुक वाटलं होतं.

गल्लीत एक टेम्पो येऊन अडकला आणि हॉर्न वाजवू लागला. विनीतने हात करून त्याला थांबायला सांगितलं. हरिचंद्रच्या हातात चाकी तशीच होती. ती बरीच जड आहे, हे त्याला आता कळलं. त्याने ती प्रमोदपुढे धरली.

“बसव.”

“तुम्हीच बसवा, बाबा. तुम्ही ठोकलीत की...”

“तू बसव म्हटलं ना. आणि डावीकडच्या दोन्ही परत तपासून घे. त्या माझ्या आहेत.”

प्रमोद ठोकू लागला. तांब्याचा बसका आवाज गल्लीत घुमत राहिला. हरिचंद्र गाडीचा आधार घेऊन उठायला गेला, पण गाडीला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं. तो जमिनीवर तळवे टेकून, कसाबसा उठला.

“चिमी शाळेतून किती वाजता येते?”

“साडेबाराला,” हातोडी न थांबवता प्रमोद म्हणाला. “चला ना, आज एकत्रच जेवू सगळे. ती वाट बघते तुमची.”

हरिचंद्रने शेडच्या पायरीवर बूड टेकलं.

“माझा डबा इकडेच पाठवून दे,” तो म्हणाला.