राणीच्या बरणीतला घोडा

माणसं कुत्रा पाळतात, पोपट पाळतात, फारच हौस असली तर मासे. मारुंजीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा शैलेश किडे पाळायचा. मूळचा लातूरचा, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, आणि लग्नाचं नाव काढलं की विषय बदलणारा. त्याच्या गॅलरीत सात बरण्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी, आणि आत एकेक काटकुळा किडा हात जोडून बसलेला. शैलेश त्यांना मँटिस म्हणायचा. जवळच्या नांदे गावाहून धुण्याभांड्याला येणाऱ्या अपेक्षाच्या लेखी ते खंडोबाचे घोडे होते. देवाचा घोडा बरणीत कोंडलेला तिला पहिल्या दिवसापासून पटला नव्हता, पण घर दुसऱ्याचं, बरण्या दुसऱ्याच्या.

कार्तिकात शैलेश आठ दिवसांसाठी गावी लग्नाला गेला आणि किल्ली तिच्या हाती देऊन गेला. रोज सकाळी पाण्याचा फवारा, एक दिवसाआड एकेक माशी, राणीला दोन. राणी म्हणजे त्यातली थोरली, बोटाएवढी लांब, पोट टरारलेलं. ती मान वळवून माणसाकडे बघायची. अपेक्षा फवारा मारायची तो पाठ करून.

त्याच आठवड्यात तिच्या जिवाला घोर लागला. तिचा नवरा सिद्धनाथ दरवर्षीसारखा मेंढरं घेऊन कोकणात निघाला होता. मान डावीकडं कलती करून मेंढरं मोजायची त्याची सवय होती. ताम्हिणीच्या घाटात तशीच मोजली, तर एक कमी भरली. ती शोधायला तो एकटा माघारी फिरला आणि तिथून त्याचा पत्ता लागेना. फोन बंद होता. सोबतच्या माणसांनी रान तुडवलं, पोलिसांत वर्दी दिली. मेंढी तेवढी सापडली.

चौथ्या दिवशी फवारा मारताना तिला सासूचं बोलणं आठवलं. चिमाबाई सांगायची, माणूस लांब अडकलं असलं तर घोड्याला विचारावं, तो हात करून दिशा दावतो. राणीला विचारायचं धाडस अपेक्षाला झालं नाही. ती कोपऱ्यातल्या बारक्या, तपकिरी घोड्यापाशी वाकली.

"घोड्या घोड्या, आमचं माणूस कुटं हाय?"

घोड्यानं जोडलेले हात सोडवले. एक हात सावकाश लांब केला, मावळतीकडं, घाटाच्या अंगाला. शेजारच्या पाच बरण्यांतल्या पाच माना तिकडंच वळल्या. राणीची तेवढी अपेक्षाकडं वळली.

घरी जाऊन तिनं सांगितलं, तशी चिमाबाई उठून बसली. "मग सोडलास न्हवं त्याला?"

"त्यो सरांचा हाय, आत्याबाई. बरणीत हाय."

"अगं, विचारलं की सोडायचा असतुया. घोडा गेला तर माणूस आणील. बांधून ठिवलास तर आपलं माणूस बी तितंच बांधलेलं ऱ्हाईल."

अपेक्षानं तिथल्या तिथं शैलेशला फोन लावला. "सर, त्यो कोपऱ्यातला बारका सोडू का?"

"अहो, अजिबात नको," मागं सनई वाजत होती. "तोच एक नर आहे, ताई. राणीचा होणारा नवरा. आलो की मी लावतो त्यांचं लग्न." तो हसला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

सोडायची चोरी झाली. पण तिच्या डोक्यातून ते जाईना. नवरा एका बरणीत, बायको दुसऱ्या बरणीत, ही कुठली रीत? मेंढरू एकटं बांधलं की चारा सोडतं, झुरून मरतं, हे धनगराच्या पोराटोरांना ठाऊक असतं. आणि नवरा नजरेआड असला की काय होतं, ते त्या आठवड्यात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सोडता येत नाही तर निदान सोबत तरी मिळू दे, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं बारक्याला राणीच्या बरणीत सोडलं. राणी हलली नाही. अपेक्षाला जरा हलकं वाटलं. किड्यांबद्दल तासतासभर बोलणारा शैलेश नेमकं सांगायचं तेवढंच विसरला होता.

सकाळी ती आली तेव्हा राणीनं नवऱ्याला दोन्ही हातांत कणसासारखं धरलं होतं. डोकं खाऊन झालं होतं. धड जिवंत होतं, पाय झाडत होतं.

अपेक्षानं खराट्याची काडी घालून ते धड सोडवलं आणि गॅलरीच्या कठड्यावर मावळतीकडं तोंड करून ठेवलं. तोंड नव्हतंच, पण दिशा ती. "जा बाबा," ती म्हणाली, "घिऊन ये त्यांना." बिनडोक्याचा घोडा कठड्यावरून सरळ चालत गेला, टोकाला थांबला, पंख उघडून उडाला.

दिवस मावळायच्या आत सिद्धनाथ दारात उभा होता. अंगावर ओरखडा नाही. चिमाबाईनं भंडारा उधळला. "घोड्यानं आणला गं माझा ल्योक."

आणला खरा. तो भाकरी दिली की खातो, बस म्हटलं की बसतो. अपेक्षाकडं बघतो ते रस्त्यावरच्या खांबाकडं बघावं तसं. मान कलती करत नाही. मेंढरं समोर आली तरी मोजत नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ लागेल. वस्तीतली माणसं म्हणतात, गड्याचं डोकं ठिकाणावर न्हाई. ते ऐकलं की ती तिथून उठून जाते, कारण डोकं कुठं आहे ते तिला एकटीलाच माहीत आहे.

शैलेश परतला तेव्हा तिनं सगळं नाही, अर्धं सांगितलं. तो रागावला नाही. राणीनं काडीवर अंड्यांचा पुंजका घातला होता, त्यातच तो खूश होता. "आता ही फार दिवस काढायची नाही," तो म्हणाला. "तुमच्या मनात होतं ना, घोडा सोडायचं? हिला सोडून देऊ."

"नको, सर. सोडू नका हिला. मी बघीन हिचं."

तेव्हापासून राणीच्या माश्या तीच पकडून आणते, कोवळ्या, पंख न मोडलेल्या. केर काढायच्या आधी बरणीपुढं बसते. आता पाठ करत नाही. राणी मान वळवते, आणि मग ती मान हळूहळू डावीकडं कलते.

अपेक्षा जाळीशी तोंड नेते आणि विचारते, "जेवला का?"