टाचणीखालची चिठ्ठी

मी एक जुने फुलपाखरू आहे, काचेच्या पेटीत टाचलेले. रंग फिकट पिवळा, पंखांना काळी किनार. माझा जन्म फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका दलदलीतला. तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. त्यातले नऊ दिवस मी उडले आणि दहाव्या दिवशी एका शाळामास्तरांच्या जाळीत सापडले. त्यांनी माझ्या टाचणीखाली बोटभर चिठ्ठी लावली. तिच्यावर दलदलीचे नाव आणि तारीख होती. पुढे ती दलदल उपसली गेली, तिथली जळाऊ माती सरपण म्हणून विकली गेली. मित्रांनो, माझी जात तिथे राहत होती याचा पुरावा म्हणजे मी आणि ती चिठ्ठी, एवढाच.

मास्तरांची मुलगी आइनो म्हातारी झाली, तेव्हा तिने मला आपल्या भाडेकरूला, नागपूरहून तिकडे नोकरीला आलेल्या जनार्दन इंजिनियरला दिले. चिठ्ठी जप, असे तिने दोनदा बजावले. नोकरी बदलून तो मस्कतला आला. तिथल्या अल अमेरात भागातल्या फ्लॅटमध्ये मी सोफ्याच्या वर टांगले गेले.

"वा! सलालाहचं का हो?" पाहुणे विचारत. सलालाह म्हणजे ओमानच्याच दक्षिणेतले हिरवे शहर! मी चिडून जाई. चिठ्ठी समोरच होती, पण वाचणार कोण?

गेल्या वर्षी काच तडकली. जनार्दनने मला मस्कतच्याच गाला नावाच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याकडे दिले. नवी काच आली, चिठ्ठी गेली. हे त्याच्या बायकोच्या, भावनाच्या, लगेच ध्यानात आले. दोघे तसेच त्या दुकानात गेले. कारागीर तय्यब ओशाळला. "भाभी, वो पीला कागज? मैं कचरा समझा. खलास."

"दलदलीचं नाव काय होतं?" भावनाने जनार्दनला विचारले.

"अगं, अगदी ओठांवर आलंय..."

"मग आइनो आजींना फोन करा ना."

"करतो उद्या. इन्शाल्ला."

पाच महिने तो माझ्याखाली सोफ्यावर लोळून फोन चाळत राहिला. बोट आजींच्या नावावरून कितीदा पुढे सरकले! मला ओरडावेसे वाटे. शेवटी त्याने फोन लावला, तो त्यांच्या भाचीने उचलला. आजी दोन महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या. भाचीला काहीच ठाऊक नव्हते.

"चुकलंच माझं," जनार्दन म्हणाला. मग हळूच, "अंदाजाने एखादं नाव लिहू या?"

"खोटं नको," भावना म्हणाली. तिने कागद कापला आणि लिहिले, 'फिनलंड. दलदलीचे नाव विचारायचे राहिले.'

मित्रांनो, तय्यबवर माझा राग नाही, त्याला माहीत नव्हते. जनार्दनला माहीत होते. तुमच्याही ओळखीत असे कुणी म्हातारे माणूस असेल. हे पान मिटा आणि आधी त्यांना फोन लावा.