झालरीचे सदरे आणि दोन बादल्या

माझं मनगट सुजलं तेव्हा लॉन्ड्रीच्या मालकाला माझी फार दया आली. म्हणाला, "उद्यापासून खाली घड्या घालायला बस. तुझ्या टेबलाच्या जागी इस्त्रीचं मशीन येतंय."

असल्या दयेला आग लागो. इस्त्रीचं टेबल मी या हातांनी कमावलंय, कुणाच्या बापाने आंदण दिलेलं नाही.

"आज नाटकवाल्यांचे सदरे आलेत," मी म्हटलं. "त्यांच्या झालरी मशीन करणार का?"

"तू करशील? या हाताने? संध्याकाळी त्यांचा प्रयोग आहे."

"करते. केल्या तर टेबल माझं."

"बघू."

मालकाचं 'बघू' म्हणजे इस्त्री केलेला नकार.

पहिल्याच झालरीला अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझी नणंद खाली धुलाईला आहे. घरात आमचं विस्तव आणि तेल. पण बाई दोन बादल्या घेऊन वर आली, एक वाफाळती, एक गार.

"वहिनी, घाला हात."

"भाजेल की गं!"

"कोपर बुडवून पाहिलंय मी. आणि तुम्ही मला रोज जिभेने भाजता, ते?"

गरम पाण्यात मनगट सैल पडलं. तिथून गारात घातलं आणि माझ्या तोंडून शिवी सुटली.

"आईला सांगेन हं."

"सांग. तिच्याकडूनच शिकलेय."

ती हसली तशी तिच्या हातातल्या बादलीतलं पाणी हिंदकळलं. गरम, गार, पुन्हा गरम, शेवटी गार. दुखणं पळालं नाही, पण गपगुमान कोपऱ्यात जाऊन बसलं. मला तेवढं पुरे होतं. एक सदरा झाला की बादल्या, मग पुढचा सदरा. नणंद पाणी बदलायला जिना चढत राहिली, प्रत्येक खेपेला एक टोमणा मारत.

नाटकवाला आला. झालरीवरून बोट फिरवून नुसतं "वा!" म्हणाला आणि सदरे घेऊन गेला. मालक टेबलाचा विषय टाळून खाली सटकला.

थोड्या वेळाने खालून मालकाची हाक आली. "अगं, हे पाणी कसलं मऊ आहे! टाचांचं दुखणं विरघळलं!"

आम्ही दोघी धावत उतरलो. पँट गुडघ्यापर्यंत वर करून, आमचं पाहून मालकही पाय शेकायला स्टुलावर बसला होता, पण दोन्ही पाय कपड्यांच्या खळीत! लॉन्ड्री चालवतो, पण खळ ओळखू येत नाही.

"मालक, सुकलं की पाय कॉलरसारखे ताठ होतील," नणंद म्हणाली.

"मग पाणी ओता की लवकर!"

"टेबल कुणाचं?" मी विचारलं.

"उद्या बोलू आपण..."

नणंदेने भरलेली बादली उचलली आणि सरळ जिन्याकडे निघाली.

"तुझं! तुझंच, बाई! मशीन दुसरीकडे लावतो!"

"ओत गं," मी नणंदेला म्हटलं. "आधी गार."