उजव्या कानापुरती तापी

धुरपदाबाई झाडू घेऊन आत आली, तेव्हा अर्ध्या खोलीत तापी पसरली होती.

भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत कोऱ्या ग्रे कापडाचा लांब पट्टा अंथरलेला. त्यावर सुरतेपासून प्रकाशा गावाच्या वरपर्यंत निळ्या रंगाची नदी, पेन्सिलीचे कालवे, आणि जिथे जिथे बंधारा किंवा दरवाजा तिथे लाल दोऱ्याचा टाका. लोटू मास्तर गुडघ्यांवर बसून उकाईच्या धरणाला टाका घालत होते.

“आहो, उठा. माले झाडू मारनं शे.”

सुई चालूच राहिली. आपण डाव्या बाजूने बोललो हे तिच्या लक्षात आलं. ती वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि तिने आवाज चढवला, “परकाशा उचला! झाडू मारनं शे!”

“परकाशा वल्लं शे अजून,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “तवलोंग सुरत झाडी ले.”

“सुरत झाडता झाडता तं जनम गया मना!”

मास्तर हसले. ऐकू आलं म्हणून हसले, की तिचा चेहरा बघून, हे आताशा कळत नसे.

अडतीस वर्षं त्यांनी सुरतेतल्या उधन्याच्या खात्यांत काढली होती. खातं म्हणजे यंत्रमागाची शेड. तिथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. मास्तर माग दुरुस्त करायचे. कोणत्या मागाचं काय बिनसलंय हे शोधायचं तर पान्याचं एक टोक मागाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. एवढ्या गदारोळात त्यांना नेमकं दुखणं सापडायचं. मालक लोक दुसऱ्या खात्यातून रिक्षा पाठवून त्यांना बोलावून न्यायचे. पण ज्या कानांनी हे सगळं केलं, तेच विझत चालले होते. डावा गेला होता. उजवा वर्ष-दीड वर्ष साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेही कागदावर लिहून सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तर गच्चीत बसून राहिले. चहा द्यायला धुरपदाबाई गेली तर म्हणाले, “मी घर जासू. पान्यावरथून.”

घर म्हणजे पिंपरखेडं. प्रकाशाच्या वर, तापीच्या काठावर. मास्तरांचे वडील भोई होते, पाण्यात डोंगी घालून मासे धरायचे. गावाच्या अंगाला नदीत काळे दगड होते आणि त्यांच्यातून जाताना पाणी बोलायचं. तो आवाज मास्तरांना कान जायच्या आधी एकदा ऐकायचा होता.

मुलगा योगेंद्र इच्छापोरच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला होता. त्याला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

“बाबा, भुसावळ गाडीत बसा ने! सकाळी चढले तर दुपारी गावाला. मगज फिरलं काय तुमचं?”

“गाडीमा बसनू तं खात्यानी खटखट बी मना संगे तिकीट काढी,” मास्तर म्हणाले. त्यांच्या कानात तो आवाज दिवसरात्र चालूच असे, माग बंद झाला तरी. “पान्यावर ती हळूहळू उतरी. ईस-पंचवीस दिन लागतीन. कान आधी रिकामा कराले पायजे. मंग काही भराई त्यामा.”

“मग मी येसू संगे,” धुरपदाबाई म्हणाली. “डोंगीमा दोन जन मावतीन.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, “तू उनी तं तुले वरडनं पडी वं.”

ती उठली, ताट उचललं आणि मोरीत भांडी घासत बसली. त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली. सहा वर्षं ती या माणसासाठी घसा फाडत होती. भाजीत मीठ बरोबर आहे का इथपासून बहिणीच्या मरणाच्या निरोपापर्यंत सगळं तिने ओरडून सांगितलं होतं. आता तोच म्हणत होता, मला शांतता पाहिजे. रुसावं तर खोटं काही बोलला नव्हता. खोटं नव्हतं म्हणूनच रुसवा जात नव्हता.

पण रुसवा धरून बसायला मास्तरांनी सवड दिली नाही. गच्चीवर बांबू आले. बांबूच्या बरगड्या वाकवून बांधल्या गेल्या, त्यावर पॉलिस्टरचं कापड दुहेरी ताणलं गेलं, कापडावर डांबर चढलं. डोंगी इतकी हलकी पाहिजे होती, की साठीच्या माणसाने ती एकट्याने डोक्यावर घेऊन चालावं. कारण कालव्याला जागोजाग दरवाजे, तिथे ती उचलून पलीकडे न्यायची. मास्तर धुरपदाबाईला म्हणाले, “दोन भरेल हंडा जितलं वजन. तू घर बांधी तवय रोज न्ये ना, तितलंच.” मग तिनेच ती डोक्यावर घेऊन बघितली, गच्चीभर चालली, आणि पुढचा भाग जड आहे असं सांगितलं. मास्तरांनी पुढच्या दोन बरगड्या काढून बारीक घातल्या.

त्यांच्या वहीत सगळं होतं. कोणत्या कालव्यात कोणत्या आठवड्यात पाणी सोडतात, कधी ते उभं राहतं. उभं पाणी असेल तेव्हा वर चढायचं, वाहतं असेल तेव्हा काठाला मुक्काम. काकरापारच्या बंधाऱ्यापर्यंत कालवा, मग उकाईपर्यंत नदी. धरणाच्या मोठ्या पाण्यात मधे जायचं नाही. काठाकाठाने, खाडीखाडीने, वारा उठायच्या आत दहा वाजेपर्यंतच वल्हवायचं. अंतर त्यांनी ताक्यांत मोजलं होतं. शंभर मीटर कापडाचा एक ताका, असे अडीच हजार. “एवढं कापड मना हातखाल्थून दोन वरीसमा निंघे,” ते सांगायचे, जणू हे सुरत ते पिंपरखेडं अंतर त्यांनी एकदा विणून झालंच होतं, आता फक्त त्यावरून जायचं होतं.

धुरपदाबाईने संसारात मास्तरांना खूप वेळा थकलेलं बघितलं होतं, हुशार म्हणून ऐकलं होतं. पण कामात रंगलेलं बघितलं नव्हतं. ते रंगणं खात्याच्या वाट्याला जायचं, घरी फक्त त्याचा चोथा यायचा. आता ती निवडायला तूर घेऊन मुद्दाम गच्चीवर बसे. हा माणूस किती देखणी गाठ मारतो, हे तिला लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं. हात चालता चालता तिच्या ओठांवर आपोआप ओवी आली, जात्याशिवाय आलेली पहिलीच:

तापी उतरे खाल्याने, मना धनी जास वर
माय तापी, वाट दे वं, त्याना हात हातमा धर

मास्तरांना ती ऐकू गेली नाही. तिनेही मोठ्याने म्हटली नाही.

दिवाळीच्या आधी तिने भावाला, निंबाला, फोन लावला. तो पिंपरखेड्याच्या शेजारच्याच गावात राहायचा. पाहुणे येतील, लक्ष ठेव, असं सांगून ती सहज म्हणाली, “त्या काळा दगडेसपान उतरतीन ते.”

“कोनता दगड, ताई?” निंबा म्हणाला. “बराज व्हयना तैपशीन ते पान्याखाले शेत. दोन मानूस पानी शे त्यासनावर. ते दगड आते कोनी दखतच नही.”

धुरपदाबाईने फोन ठेवला. प्रकाशाच्या बंधाऱ्याने दगड गिळले होते. खाली कापडावर मास्तरांनी त्या दगडांना सात काळे टाके घातले होते. तिने ते मोजून बघितले. आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

इकडे योगेंद्र एकाच गोष्टीवर अडून बसला होता. दरवाजा उघडायच्या आधी भोंगा वाजवतात. बाबांना भोंगा ऐकू येणार नाही. “पाणी सुटलं ने तुम्ही मधेच असले, तर? आई, तूच सांग!” आई काही सांगत नव्हती. शेवटी मास्तरच म्हणाले, दाखवतो.

एका रविवारी सकाळी टेम्पोत डोंगी टाकून तिघं शहराबाहेरच्या कालव्यावर गेले. दरवाजा वळणापलीकडे होता, इथून दिसत नव्हता. तिथल्या चौकीदाराला, भूपेंद्रभाईला, योगेंद्रने सांगून ठेवलं होतं: भोंगा वाजवू नका, मनाला येईल तेव्हा दरवाजा उघडा, आणि मग मला फोन करा.

मास्तर डोंगीत बसून पाण्याच्या मध्यावर गेले. वल्ह्याचं पातं त्यांनी पाण्यात उभं सोडलं, आणि दांड्याचं टोक उजव्या कानामागच्या हाडाला टेकवून डोळे मिटले. मास्तरांचे वडील मासळीचा थवा असाच ऐकायचे. पाणकावळा येऊन बसला, उडाला. योगेंद्र फोनकडे बघत होता, धुरपदाबाई नवऱ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला, पूजेला बसलेल्या माणसासारखा. हाच चेहरा अडतीस वर्षं परक्या मागांनी बघितला, आणि मी आज बघते आहे, असं तिला वाटलं.

एकदम मास्तरांनी डोळे उघडले. चार हात मारून डोंगी काठाला आणली, बाभळीचं मूळ धरलं आणि म्हणाले, “सुटनं.”

“काही नाही सुटलं, बाबा. फोन तर आला नाही अजून…”

फोन वाजला. “दरवाजो खोली दीधो, भाई,” भूपेंद्रभाई म्हणाला. मागोमाग वळणावरून पाण्याची मळकट घडी सरकत आली.

योगेंद्र तोंड उघडं टाकून उभा. मास्तर कपाळ पुसत म्हणाले, “पानी नंतर उनं. आधी दरवाजानं चाक वाजनं. त्याले सांग, चाकले तेल नही. दातं खाई र्‍हायनं.”

योगेंद्रने निरोप दिला. मग भूपेंद्रभाई म्हणाला, “छ महिनाथी तेल नथी नाख्युं. पण काकाने केवी रीते खबर पडी?”

योगेंद्र हसायला लागला. हसता हसता काठावर खाली बसला. आणि परत जाताना डोंगी त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली, बापाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी योगेंद्र कामावर गेल्यावर धुरपदाबाई मास्तरांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. ते नाश्त्याला कळण्याची भाकरी खात होते.

“ते दगड बुडनात,” तिने सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं. “बराजना पान्यामा. निंबा म्हने, दोन मानूस खोल.”

घास हातात राहिला. “तुले कवय कळनं?”

“दिवाळीना आधी.”

“मंग सांगं का नही?”

“कोनाकडथून तुम्ही थांबनात नही, तं हाई शेवटले सांगसू म्हने. थांबशात म्हनीसन ठेयेल व्हतं.”

“आते का सांगी र्‍हायनी?”

“आते तुम्ही थांबाव नहीत म्हनीसन,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “तठे जाईसन एखलाले कळाले नको.”

मास्तरांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. बराच वेळ ते खिडकीतून समोरच्या घराच्या पत्र्यांकडे बघत बसले. धुरपदाबाईला वाटलं, आता हा माणूस पट्टा गुंडाळून माळ्यावर टाकणार. आणि असं वाटताच तिच्या लक्षात आलं, की आपल्याला ते नको आहे. मुळीच नको आहे.

दुपारी त्यांनी पट्टा उलगडला. निळा रंग कालवला आणि सात काळ्या टाक्यांवरून हात फिरवला, टाके खालून दिसत राहतील इतपत पातळ.

“बुडनात,” ते म्हणाले, जरा स्वतःशी, जरा तिच्याशी. “उठी तं नही गयात. पानी त्यासनावरथून जातच व्हई ना? काही तं म्हनतच व्हई.” मग थोड्या वेळाने, “वल्हं मातर लांब कराले पायजे. दोन मानूस खोल म्हने निंबा?”

धुरपदाबाई उठली आणि गच्चीवरून उरलेल्यांपैकी सगळ्यांत लांब, सरळ बांबू घेऊन आली.

मार्गशीर्षात, कालव्याचं पाणी उभं राहिलं त्या दिवशी सकाळी, मास्तर निघाले. डोंगीत डाळ-तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, बिबड्या, एक पातेलं, एक घोंगडी, रबरी पिशवीत फोन. योगेंद्र वाकून पाया पडला आणि टेम्पोकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. धुरपदाबाई काठाच्या पायऱ्यांवर शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. मास्तरांनी तिच्या हाताचा आधार घेऊन डोंगीत पाय टाकला, बसले, आणि तो हात सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

“निंबाकडे ई जाय,” ते म्हणाले. “गाडीथून. तठे सांगसू तुले, काय म्हनस पानी ते.”

डोंगी सरकली. उसाच्या मळ्यावर धुकं होतं. सांगायची राहिलेली तीन कामं धुरपदाबाईच्या जिभेवर होती: गोळ्या, मफलर, रोज एकदा फोन. तिने छाती भरून श्वास घेतला, आणि सगळा श्वास तसाच, आवाज न करता, सोडून दिला. मास्तरांची पाठ एका लयीत पुढेमागे होत लहान झाली, पुलाखालच्या सावलीत शिरली, पलीकडे निघाली, आणि वळणावर ऊस आडवा आला.

त्यानंतर कितीतरी वेळाने डोंगीने हलवलेलं पाणी पायऱ्यांशी पोचलं. तिच्या पावलांना एकदा लागलं. पुन्हा लागलं. ते पुरतं स्थिर होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.