एक मिनिट तेहतीस सेकंद

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, संगणक केंद्रात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कौसल्या गजभियेने नुकताच छापून आलेला तक्ता टेबलावर पसरला, शेजारी आपली वही उघडली आणि एका जागी तिचं बोट थांबलं. वहीत तिच्याच अक्षरात एक मिनिट तेहतीस सेकंद लिहिलं होतं. तक्त्यात त्याच जागी होतं एक मिनिट एक्कावन्न सेकंद.

तक्ता धंतोलीतल्या एका इस्पितळासाठी होता. तिथल्या कोबाल्टच्या यंत्रात नवा किरणस्रोत बसवला होता आणि कॅन्सरच्या रुग्णाला किती वेळ किरणांखाली ठेवायचं, हे या तक्त्यावरून ठरणार होतं. स्रोत बदलायचा म्हणून यंत्र बारा दिवस बंद होतं. आज तीन वाजता ते सुरू व्हायचं होतं. अठरा सेकंद जास्त म्हणजे एकेका माणसाला जवळजवळ पाचवा हिस्सा किरण जास्त. कातडी भाजलेली लगेच दिसते. आत काय भाजलं ते पुढे कधीतरी कळतं.

तीन वाजताची पहिली पाळी काटोलच्या मनकर्णाबाईंची होती आणि ही ओळ त्यांच्याच वेळेची होती. हे तिला माहीत होतं, कारण संगणक चालवणाऱ्या नत्थूजींची ती थोरली बहीण. पन्नाशीचे नत्थूजी आधी छापखान्यात होते. आता ते भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे वाचकयंत्रात घालायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, ‘‘म्याडम, ह्या एवढ्या गठ्ठ्यात आमच्या बाईचं औषध कोणत्या कार्डात हाय जी?’’ कौसल्येला असे प्रश्न आवडायचे. तिने गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून दाखवलं होतं. ‘‘हे. नव्या स्रोताची ताकद. एकशे अठ्ठावीस पूर्णांक चार. बाकी सगळी गणितं ह्या एका आकड्यावर उभी आहेत.’’

आता नत्थूजी दारात उभे होते. त्यांच्या मागे इस्पितळाचा शिपाई ताराचंद, हातात सायकलची किल्ली.

‘‘म्याडम, कागद देऊन टाका ना,’’ ताराचंद म्हणाला. ‘‘डॉक्टर तिथं वाट पाहून राहिले. बोलणी मले बसतात.’’

‘‘थांब ना गा. त्या पाहून राहिल्या ना,’’ नत्थूजी म्हणाले.

‘‘तक्ता चुकलाय,’’ कौसल्या म्हणाली.

केंद्राचे प्रमुख महादेवराव आतल्या खोलीतून आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही आकडे पाहिले. ‘‘वहीतला कधीचा?’’

‘‘अष्टमीचा. चाचणी घेतली होती तेव्हाचा. हाताने गुणाकार केला तरी तेवढाच येतो.’’

‘‘हाताच्या गणितात तुम्ही सगळे गुणक धरलेत?’’

‘‘सगळे नाही. पण अठरा सेकंदांचा फरक पडावा एवढे ते मोठे नाहीत.’’

‘‘असं तुम्हाला वाटतं.’’ महादेवराव खुर्चीत बसले. ‘‘अष्टमीनंतर प्रोग्रॅममध्ये हात कोणी घातला?’’

ते उत्तर सगळ्यांना माहीत होतं. चाचणी झाल्यावर त्याच संध्याकाळी कौसल्येनेच सात कार्डं बदलली होती. पानाच्या डोक्यावर इस्पितळाचं नाव नीट मधोमध यावं, एवढ्यासाठी.

‘‘मी,’’ ती म्हणाली.

‘‘मग शोधा. अडीचपर्यंत. त्यानंतर मी डॉक्टरांना फोन करून सांगतो की आज आमच्याकडून तक्ता नाही. पेशंट परत जातील. आणि कदाचित पुन्हा ते इस्पितळ आपल्याकडे येणार नाही.’’

बहिणीच्या गळ्यावरची गाठ या बारा दिवसांत पुन्हा हाताला लागायला लागली आहे, हे नत्थूजींनी सकाळीच सांगितलं होतं. चुकीचा तक्ता गेला तर ती भाजणार, तक्ताच गेला नाही तर आज किरण नाहीत.

प्रोग्रॅम घालायचा, यंत्राने तो आपल्या भाषेत उतरवायचा, मग आकडे काढायचे, या एका फेरीला वीस-बावीस मिनिटं लागत. अडीचपर्यंत तीन फेऱ्या. चौथी नाही.

पहिल्या फेरीसाठी तिने आपली सात कार्डं काढली आणि जुनी सात परत घातली. वाचकयंत्र खडखडलं. प्रिंटरने पहिली ओळ सोडली तेव्हा ती वाकून उभी होती.

एक मिनिट एक्कावन्न सेकंद.

म्हणजे चूक तिच्या बदलात नव्हती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण उलटच झालं. आता चूक कुठेही असू शकत होती. वहीतसुद्धा.

‘‘आता?’’ महादेवराव दारातून म्हणाले. घड्याळात एक सदतीस झाले होते.

‘‘उतरवलेली जुनी कार्डं मध्येच राहिली असतील. वेळ वाचवायला आपण प्रोग्रॅमचे काही तुकडे पुन्हा उतरवत नाही, जुनेच जोडतो. त्यातला एखादा तुकडा गेल्या महिन्याचा असेल. सगळं नव्याने उतरवते.’’

हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. याच केंद्रात तीन महिन्यांपूर्वी असंच झालं होतं आणि दोन दिवस गेले होते. नत्थूजींनी जुने गठ्ठे बाजूला ठेवले, मूळ कार्डं क्रमाने लावली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. ताराचंद बाकावर बसून पाय हलवत होता.

‘‘एवढ्या वेळात तर माह्या सायकलनं मी काटोलले जाऊन आलो असतो,’’ तो म्हणाला.

‘‘तुह्या सायकलनं? तू सीताबर्डीच्या चढावर उतरून ढकलत नेतं गा,’’ नत्थूजी म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दोन वाजायला एक मिनिट असताना प्रिंटर पुन्हा वाजला.

एक मिनिट एक्कावन्न सेकंद.

कौसल्येने कागद फाडून टेबलावर ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. प्रोग्रॅम तोच, जो अष्टमीला होता. यंत्र तेच. आकड्यांची कार्डं तीच. तिने प्रत्येकाच्या वरच्या काठावर छापलेले आकडे इस्पितळाच्या पत्राशी दोनदा ताडून पाहिले होते. स्रोताच्या कार्डावर स्वच्छ एकशे अठ्ठावीस पूर्णांक चार होतं. मग फरक कुठून आला?

‘‘एक फेरी उरली,’’ महादेवराव म्हणाले. ‘‘काय बदलणार?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एक कार्ड वाढवते. आकडे काढायच्या आधी, तू काय वाचलंस ते छाप, एवढंच त्याला सांगते.’’

‘‘गजभियेबाई, शेवटची फेरी आणि ती तुम्ही प्रश्न विचारण्यात घालवणार? पत्र आहे समोर, कार्डं आहेत समोर. काय वाचलं ते दिसतंय की.’’

‘‘आपण काय वाचलं ते दिसतंय, सर.’’

महादेवरावांनी हाताने ‘करा’ अशी खूण केली आणि फोनच्या शेजारी जाऊन बसले.

तिने स्वतः कार्ड पंच केलं. बोट एकदा चुकलं, कार्ड फेकून दुसरं केलं. नत्थूजींनी गठ्ठा लावला. दोन वाजून दहा, मग बारा, मग सतरा. संगणकाच्या दर्शनी फलकावरचे दिवे लुकलुकत होते. प्रिंटर खाकरला आणि सर्वांत वर, तिने मागितलेली ओळ आली.

१०८.४

‘‘थांबवा,’’ ती म्हणाली. नत्थूजींनी बटण दाबलं.

दोनाच्या जागी शून्य. त्या यंत्राचा नियम तिला झोपेतही आठवला असता, आकड्यांच्या मध्ये रिकामी जागा सापडली तर ते तिथे शून्य धरतं. म्हणजे दोनाचं भोक त्याला दिसलंच नव्हतं. तिने कार्ड उचललं. वरच्या काठावर छापलेला दोन ठळक होता, पण तो माणसांसाठी; यंत्र फक्त भोकं वाचतं. ती खिडकीपाशी गेली, काळा पडदा बाजूला केला आणि कार्ड उन्हात धरलं. एकाच्या भोकातून ऊन आलं. आठाच्या, चाराच्या भोकातूनही आलं. दोनाचं भोक बंद होतं. नखाने खरवडलं तर पिवळसर, वाळलेली चिकण माती असावी तसं काहीतरी निघालं. तिने वास घेतला. हळद.

कार्डावर मधोमध अगदी फिकट, पुसून टाकलेला डाग होता. आधी तो तिला कागदाचाच वाटला होता.

‘‘हे कसं आलं?’’ ती म्हणाली.

नत्थूजी जवळ आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं.

‘‘नवमीले पूजा केली होती आपण,’’ ते हळू म्हणाले. ‘‘खंडेनवमी. तुम्ही नव्हत्या त्या दिवशी.’’

ती नव्हती. दीक्षाभूमीवर येणारे मामा-मावश्यांचे दोन टेंपो घरी उतरले होते, आणि नवमी-दसऱ्याचे दोन दिवस ती पिंपापाशी पाणी वाटत उभी होती.

‘‘मशीनले लावलं, प्रिंटरले लावलं. मग ह्या कार्डाले बी लावलं. तिचं औषध ह्याच्यातच हाय म्हणाल्या होत्या ना तुम्ही. हळद-कुंकू ओलं होतं. मशीन खराब नाही व्हावं म्हणून मग मी फडक्यानं पुसून बी घेतलं, चांगलं दाबून.’’

दाबून पुसलं म्हणूनच ते भोकात बसलं होतं. हे तिने सांगितलं नाही. नत्थूजींच्या चेहऱ्यावर ते आधीच आलं होतं.

‘‘कार्ड मीच दाखवलं होतं तुम्हाला,’’ ती म्हणाली. ‘‘चला, नवं करू.’’

महादेवरावांनी फोनवरून हात काढला. ‘‘दोन वीस. प्रोग्रॅम आत उतरलेलाच आहे ना?’’

‘‘आहे. फक्त आकडे पुन्हा वाचायचे. दहा मिनिटं.’’

नवं कार्ड तिने उन्हात धरून पाहिलं, मग नत्थूजींनी पाहिलं, मग कोणी न सांगता ताराचंदनेही पाहिलं. यंत्राने परत आधी आपण काय वाचलं ते छापलं. १२८.४. मग खाली, आकड्यांमागून आकडे. पहिल्या पानावर त्या जागी तिने बोट ठेवलं. एक मिनिट तेहतीस सेकंद. तिने शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानावरची एक ओळ हाताने तपासली, त्यात आठ मिनिटं गेली आणि या वेळी कोणी घाई केली नाही.

जुने तक्ते महादेवरावांनी स्वतः फाडले.

‘‘मी जाऊ का जी ह्याच्यासंगं?’’ नत्थूजींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ताराचंदच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. तक्ता त्यांनी छातीशी धरला होता.

मग कौसल्येला नोंदवहीत दोष लिहायचा होता. तिने लिहिलं, ‘कार्डातलं एक छिद्र बुजलं होतं.’ पेन थांबलं. महादेवराव मागे उभे होते. नवमीला नारळ त्यांनीच फोडला होता.

‘‘कशाने बुजलं ते लिहा,’’ ते म्हणाले. ‘‘अर्धं लिहून उपयोग नाही.’’

तिने लिहिलं, ‘ओल्या हळद-कुंकवाने. पूजा कार्डांच्या डब्याच्या झाकणावर करावी. आकड्यांची सर्व कार्डं यंत्राने वाचली तशी आधी छापून घ्यावी.’ महादेवरावांनी खाली सही केली.

तीन वाजले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं आणि उगाच काम काढून बसली.

चार वाजता नत्थूजी चालत परत आले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ते पाणी प्यायले, पेला पालथा घातला.

‘‘झालं?’’ तिने विचारलं.

‘‘झालं जी. दाराबाहेर उभा राहून मोजून राहिलो होतो मी.’’ त्यांनी कपाळ पुसलं. ‘‘माह्या मोजण्यानं पंच्याण्णव सेकंद भरले. दोन माही चूक असन.’’